दस्तरखान उचलल्यानंतर

आपल्या घरांत बैठा खेळ म्हटला की दोनच वस्तू आठवतात. दाराआड टेकवून ठेवलेला कॅरम आणि कपाटावर धूळ खात पडलेला लुडो-सापशिडीचा पुठ्ठा. कॅरमविषयी आमची काही तक्रार नाही, तो सुंदरच खेळ आहे. पण तो चौघांचा, आणि बहुतेक घरांत मुलग्यांचा. भावंडे स्ट्रायकरसाठी भांडत असतात तेव्हा आई स्वयंपाकघरात असते, दादी तसबीह घेऊन बाजेवर आणि मोठी मुलगी आतल्या खोलीत मोबाईलवर. लुडो मात्र सगळ्यांना येतो, कारण त्यात येण्यासारखे काही नाही. फासा सांगेल तितकी घरे सोंगटी सरकवायची आणि पुन्हा पाळी येईपर्यंत जांभया द्यायच्या.

या दोहोंच्या पलीकडे गेल्या तीस-पस्तीस वर्षांत पटावरच्या खेळांची एक निराळीच दुनिया उभी राहिली आहे. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात ती आखाती देशांतून येणाऱ्या बॅगांतून शिरली. सुट्टीवर येणारे मामू-चाचा पूर्वी अत्तर, साबण आणि ब्लँकेट आणत. आता एखाद्या भाच्याने फोनवर नाव कळवलेला खेळाचा खोकाही त्यात असतो. आमच्या घरी पहिला खोका असाच दुबईहून आला. आज सहा आहेत, शिवाय एक आम्ही कागद कापून घरीच केलेला. याविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात होते, कारण शाळेत भेटणारे पालक आम्हाला एकच प्रश्न विचारतात, मुलांच्या हातातला मोबाईल कसा काढायचा? काढून घेतल्यावर त्या रिकाम्या हातात काय द्यायचे, हे कोणी विचारत नाही.

या नव्या खेळांचे माहेर जर्मनी. तिथे कुटुंबाने एकत्र बसून खेळण्याची रीत चांगलीच रुजलेली आहे. वर्षातल्या उत्तम खेळाला तिथे १९७९ पासून दरवर्षी पुरस्कार दिला जातो, आणि त्या खेळाचा खोका मग घरोघर पोहोचतो. क्लाउस टॉयबर नावाचे एक गृहस्थ दातांच्या कवळ्या बनवण्याचा व्यवसाय करीत आणि फावल्या वेळात घराच्या तळघरात खेळ रचीत. १९९५ साली त्यांचा 'कटान' हा खेळ आला आणि त्याच वर्षी त्याला तो पुरस्कार मिळाला. टॉयबर २०२३ मध्ये वारले. त्यांचा खेळ आज जगातल्या कितीतरी भाषांत छापला जातो.

कटान हे एक ओसाड बेट. एकोणीस षटकोनी तुकडे जोडून ते दर वेळी नव्याने मांडायचे. कुठे जंगल, कुठे विटांची माती, कुठे शेत, कुठे मेंढ्यांचे कुरण, कुठे खाण. प्रत्येकाने आपले रस्ते आणि वस्त्या वसवायच्या, आणि ज्याचे आधी दहा गुण होतील तो जिंकला. गंमत अशी की सगळा माल एकाकडे कधीच नसतो. विटा हव्या असतील तर कुणाशी तरी सौदा करावाच लागतो. त्यामुळे दुसऱ्याची पाळी असतानाही तुम्ही बोलत असता, भाव करीत असता, रुसत असता. मासळीवालीशी घासाघीस करण्यात हयात गेलेल्या आमच्या चाचीपुढे दुबईत नोकरी केलेल्या भाच्याचा निभाव लागत नाही. "दोन मेंढ्या घे आणि एक वीट टाक, नाहीतर उठ," हे वाक्य आता आमच्या घरात इतर कामांसाठीही वापरले जाते.

लुडो आणि व्यापार यांच्याशी तुलना केली की या खेळांचे मर्म कळते. व्यापारात एक जण बाकीच्या सगळ्यांना कंगाल करेपर्यंत खेळ संपत नाही, आणि जो आधी कंगाल होतो तो तास-दीड तास नुसता बघत बसतो. बहुधा तो घरातला सर्वांत लहानच असतो. नव्या खेळांपैकी बहुतेकांत अर्ध्यातून कोणी बाद होत नाही. खेळ किती वेळात संपणार ते साधारण ठाऊक असते. नशीब असते, पण त्या नशिबाचे काय करायचे हे खेळणाऱ्याने ठरवायचे असते.

आता फाशांचा प्रश्न. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या मनात तो आतापर्यंत आलाच असेल. कटानमध्ये दोन फासे आहेत. कुरआनात, सूरह माइदामध्ये, जुगाराला मनाई आहे हे सर्वांना ठाऊक आहे. त्याखेरीज 'नर्दशीर' या फाशांच्या खेळाचा हदीसमध्ये कडक निषेध आला आहे आणि बहुतेक फुकहांनी त्यावरून फाशांचे खेळ, पैसे लावलेले नसले तरी, नाजायज ठरवले आहेत. बुद्धिबळाबाबत मात्र त्यांच्यात मतभेद राहिला. इमाम शाफई यांच्या मते ते मकरूह, इतर कित्येकांच्या मते त्याहून सक्त. तरीही बगदादच्या अब्बासी दरबारात अस-सूली हे शतरंजचे नामांकित उस्ताद होऊन गेले, हाही इतिहासच आहे.

आमच्या घरी कटानचा खोका उघडला तेव्हा मोठ्या चाचांनी फासे उचलून बाजूला ठेवले आणि सांगितले, "हे या घरात चालणार नाही." भाच्याचे तोंड एवढेसे झाले. जमातीच्या इमामसाहेबांना विचारले. त्यांनी उलट तीन प्रश्न केले: फासे आहेत का, पैसे लावता का, नमाज चुकते का? पहिल्याचे उत्तर 'हो' होते. मग आम्ही मंडळींनी वाट शोधली. दोन फासे टाकले तर एकूण छत्तीस प्रकारे पडू शकतात. दोन आणि बारा एकेकदाच, सात मात्र सहा प्रकारे. तेव्हा छत्तीस चिठ्ठ्या करायच्या: २ आणि १२ ची एकेक, ३ आणि ११ च्या दोन-दोन, ४ आणि १० च्या तीन-तीन, ५ आणि ९ च्या चार-चार, ६ आणि ८ च्या पाच-पाच, ७ च्या सहा. पिसून उपड्या ठेवायच्या आणि पाळीगणिक एक उचलायची. कटानच्या प्रकाशकांनीही फाशांऐवजी वापरायचे असे पत्ते काढलेले आहेत, हे नंतर कळले. चिठ्ठ्यांवरही ज्यांचे समाधान होत नसेल त्यांच्याशी आम्ही वाद घालणार नाही. अशा घरांसाठी फाशांविनाचे पुष्कळ खेळ आहेत, त्यांच्याकडे वळूच.

या चिठ्ठ्यांशी एक गोष्ट जोडलेली आहे, ती संबंधित मुलाच्या परवानगीने लिहितो. आमच्या नात्यातला एकोणीस वर्षांचा मुलगा. वडील कुवेतला. त्यांनी कॉलेजच्या फीसाठी पाठवलेले पैसे त्याने फोनवरच्या रमीत घालवले. आधी थोडे जिंकला, मग ते परत मिळवण्याच्या नादात सगळे गेले. कॉलेजातून निरोप आला तेव्हा घरी कळले. आईने बांगड्या मोडून फी भरली. वडिलांना सांगितले तेव्हा ते फोनवर बराच वेळ काही बोललेच नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. या घरात त्याच्या आधीच जे व्हायचे ते होऊन गेले होते. त्यानंतर हा मुलगा माणसांत बसेना. जेवायलाही ताट घेऊन आत जाई.

चिठ्ठ्या करायला बसलो त्या दिवशी आमची बेरीज काही केल्या छत्तीस होईना. कधी चौतीस, कधी सदतीस. तो दारातून जात होता. चाचांनी हाक मारली, "इकडे ये, तुझं गणित चांगलं आहे." तो बसला, त्याने दोन मिनिटांत कोष्टक मांडून दाखवले, आणि मग उठला नाही. दोनेक डाव झाल्यावर स्वतःहूनच म्हणाला, "इथे चिठ्ठ्या सगळ्यांसमोर मोजता येतात. तिथे मोजता येत नव्हत्या." त्यावर कोणी काही बोलले नाही, चाचीने फक्त त्याच्यापुढे चहाचा कप सरकवला. हल्ली तो संध्याकाळी एका दुकानात हिशेब लिहितो आणि बांगड्यांचे पैसे साठवतो. एका खेळाने मूल सुधारले असा दावा आम्ही करीत नाही. तो माणसांत बसू लागला, एवढेच आम्ही पाहिले.

फाशांविनाच्या खेळांत पहिला मान 'अझुल'चा. मायकेल कीसलिंग यांचा हा खेळ २०१७ चा, पुढच्याच वर्षी त्याला जर्मनीतला तो पुरस्कार मिळाला. पाच रंगांच्या शंभर फरशा आणि प्रत्येकाची आपली एक भिंत. पोर्तुगालचा राजा पहिला मॅन्युएल ग्रानाडाचा अलहंब्रा पाहून भारावला आणि तशाच फरशा आपल्या महालाला लावायचे त्याने ठरवले, ही या खेळाची कथा. पोर्तुगीजांचा 'अझुलेजो' हा शब्दच मुळी अरबी 'झुलैज'वरून आला. अंदलुसच्या कारागिरांचे हे देणे मुलांच्या हातात खुळखुळते तेव्हा इतिहासाच्या पुस्तकातले एक पान आपोआप उघडते. शिवाय यात माणसा-जनावरांची चित्रे नाहीत, वाचायचे काही नाही आणि नियम दहा मिनिटांत समजतात. एका थाळीतून एका रंगाच्या सगळ्या फरशा उचलाव्याच लागतात. भिंतीच्या रांगेत मावल्या नाहीत तर त्या जमिनीवर पडून फुटतात आणि गुण वजा होतात. आमच्या दादीने नियम ऐकून घेतला आणि म्हणाली, "म्हणजे शादीतल्या बिर्यानीसारखं. झेपेल तेवढंच ताटात घ्यावं." पहिल्याच डावात ती दुसरी आली.

'तिकीट टू राइड' हा ॲलन मून यांचा २००४ चा खेळ. नकाशावर शहरे आणि त्यांना जोडणारे लोहमार्ग. रंगीत डब्यांचे पत्ते जमवून मार्ग आपला करायचा आणि हातातल्या गुप्त तिकिटांवरची शहरे जोडायची. जोडली नाहीत तर तेवढे गुण वजा. भूगोल शिकवणाऱ्यांनी हा खेळ जरूर पाहावा. याचा भारताचा नकाशा वेगळा मिळतो, तो १९११ सालचा, म्हणजे फाळणीपूर्वीचा. नानांपुढे तो पट पहिल्यांदा मांडला तेव्हा त्यांनी चष्मा लावून आधी रत्नागिरी शोधली. १९११ साली रत्नागिरीला रूळ कुठले? कोकण रेल्वे पूर्ण सुरू व्हायला १९९८ साल उजाडले. मग नाना बोटीच्या दिवसांवर गेले: बंदरात पडावातून बोटीपर्यंत कसे जायचे, डेकवर कोणाच्या ट्रंकेवर झोपायचे, भाऊच्या धक्क्यावर उतरल्यावर पहिली भूक कशी लागायची. मुले पत्ते हातात धरून तासभर ऐकत राहिली. तो डाव अर्धाच राहिला.

आता सर्वांनी मिळून खेळायचा प्रकार, म्हणजे जिंकलो तर सगळे आणि हरलो तर सगळे. मॅट लीकॉक यांचा 'पॅन्डेमिक' २००८ चा. जगाच्या नकाशावर चार रोग पसरत असतात आणि पत्त्यांची गड्डी संपण्याआधी चारही रोगांवर इलाज शोधायचा असतो. पटावर मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता आहेत, तसेच कराची, रियाध, बगदाद, तेहरान, कैरो, इस्तंबूलही. ज्यांचे निम्मे नातेवाईक यांतल्याच शहरांत आहेत त्यांना हा पट परका वाटत नाही. कोविडच्या दिवसांतून गेलेल्या आपल्या घरांत तो थोडा जडही वाटू शकतो. ज्या घरातले माणूस त्या वेळी गेले तिथे आम्ही तो काढत नाही.

अशा खेळात एक धोका मात्र असतो. घरातले मोठे माणूस हळूहळू सगळ्यांच्या पाळ्या स्वतःच खेळू लागते. आमच्याकडे मोठे चाचा. "तू इथे जा, तू हा पत्ता टाक, तू थांब." मुले निमूट ऐकतात आणि दुसऱ्या दिवसापासून बोलावले तरी येत नाहीत. म्हणून आम्ही एक नियम केला: सल्ला कोणीही द्यावा, पण ज्याची पाळी त्याचा शब्द शेवटचा. त्या नियमाची कसोटी भाभीच्या वेळी लागली. ती घरात नवी, जेमतेम वर्ष झालेले, सासरच्या वडीलधाऱ्यांपुढे आवाजही न चढणारी. चाचा म्हणाले, बगदादला जा. तिने पटाकडे बघितले, थोडा वेळ घेतला आणि आपली सोंगटी कराचीला नेली. खोलीत सगळे गप्प झाले. चाचांनी तोंड उघडले, नियम आठवला, मिटले. त्या रात्री पत्ते संपले आणि आम्ही हरलो. बगदादच बरोबर होते असे चाचा पुढे दोन दिवस सांगत होते. भाभी अजूनही म्हणते, नाही. आणि आता ती त्यांच्याशी इतर गोष्टींवरही बोलते, अगदी पाण्याच्या टाकीचे झाकण कोणत्या बाजूला असावे इथपर्यंत.

आमचा सर्वांत लाडका खेळ मात्र घरी केलेला. मूळ खेळ 'कोडनेम्स', २०१५ चा, व्लादा ख्वातील या चेक रचनाकाराचा. पंचवीस शब्द पाच-पाचच्या रांगांत मांडायचे. दोन गट. प्रत्येक गटाच्या म्होरक्यापाशी गुप्त तक्ता असतो: नऊ शब्द एका गटाचे, आठ दुसऱ्याचे, सात कुणाचेच नाहीत आणि एक असा की त्याला हात लावला तर खेळच हरलात. म्होरक्याने एक शब्द आणि एक आकडा सांगायचा, साथीदारांनी ओळखायचे. बाजारात मिळतो तो इंग्रजी शब्दांचा. आमच्या दादीला इंग्रजी येत नाही. ती चौथीपर्यंत उर्दू शाळेत शिकली, देवनागरीही तिला अडखळत वाचता येते. आणि नातवंडे इंग्रजी माध्यमातली, त्यांना उर्दू लिपीतला अलिफ ओळखू येतो, पुढे सगळा अंधार. एकाच छताखाली तीन लिप्या आणि मधे गप्प बसलेली माणसे, हे चित्र आपल्यापैकी किती घरांत आहे ते वाचकांनीच पाहावे.

आम्ही जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे कापले आणि प्रत्येकावर एकच शब्द वर देवनागरीत, खाली उर्दूत लिहिला. असे दोनशे शब्द झाले. पहिल्या दिवशी दादी म्होरकी झाली आणि म्हणाली, "चांदरात, तीन." मुलांनी 'चांद' उचलला, मग 'मेंदी', आणि तिसऱ्यासाठी डोके खाजवू लागली. धाकटीने 'टेलर'वर बोट ठेवले, कारण ईदच्या आदल्या रात्री टेलरकडे किती खेपा होतात हे तिला चांगले ठाऊक होते. बरोबर निघाले. आमच्या आठवणीतला सर्वांत सुरेख संकेत मात्र नानांचा: "कलम, तीन." त्यांना शाई, कोर्ट आणि हापूस हवे होते. उर्दूत कलम म्हणजे लेखणी, कायद्यातले ते कलम, आणि आमच्या बागेतले हापूसचे कलम. दोन्ही भाषा येणाऱ्यालाच सुचावे असे ते होते. मुलांना दोनच सापडले. तिसऱ्यावरून जी चर्चा झाली तीत त्यांनी 'बाजू' हा शब्द मराठीत एक आणि उर्दूत दुसरा कसा हेही विचारून घेतले. आम्ही उर्दू-मराठी शिकवणारी मंडळी वर्गात हे समजावताना घसा कोरडा करतो. इथे कोणी शिकवत नव्हते. धाकटी आता चिठ्ठीचा वरचा भाग हाताने झाकून खालचा उर्दू शब्द वाचून बघते.

थोडे व्यवहाराचे. परदेशी खेळ स्वस्त नाहीत, कित्येक खोके दोन-तीन हजारांच्या पुढे जातात. म्हणून सुरुवात कागदी खेळाने करावी, त्याला खर्च फक्त वेळेचा. मग दोन-तीन घरांनी मिळून एकेक खोका घ्यावा आणि अदलाबदल करावी. आमच्या मोहल्ल्यात चार घरांत हे चालते. एक अट आहे, तुकडे मोजून परत द्यायचे. खेळ चौघांचा आणि माणसे आठ असतील तर जोड्या कराव्यात, एक मोठे आणि एक लहान. दादी आणि धाकटी ही जोडी कोणालाच नको असते, कारण ती जिंकते. पाहुण्यांपुढे नियमांचे पुस्तक वाचत बसू नये. ज्याला येतो त्याने पहिला डाव पत्ते उघडे ठेवून खेळून दाखवावा, पुस्तक नंतर. चहा पटापासून लांब. आणि डाव सुरू करण्याआधी घड्याळ पाहावे. असरनंतर लांबचा खेळ काढला की मगरिबच्या वेळी तो नेमका रंगात असतो आणि मग उठताना कुरबूर होते. आम्ही लांबचे खेळ इशाच्या नमाजनंतरच काढतो, आणि रमजानमध्ये शेवटच्या दहा रात्री सगळे खोके कपाटात.

हरल्यावर मूल रडते, पट उलथून टाकते. टाकू द्यावे. तुकडे त्यालाच गोळा करायला लावावेत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवावे. मुद्दाम हरू नये, मुलांना ते लगेच कळते आणि त्याचाच त्यांना जास्त राग येतो.

पावसाळा तोंडावर आला आहे. आमच्याकडे जूनमध्ये एकदा वीज गेली की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भरवसा नसतो, फोनही मग निपचित पडतात. कंदिलाच्या उजेडात अझुलचा निळा आणि काळा रंग वेगळा ओळखू येत नाही, हे गेल्या वर्षी लक्षात आले. म्हणून भाच्याला या खेपेला खेळाऐवजी चार्जिंगचा मोठा दिवा आणायला सांगितले आहे.